बेळगावचा टपाल अल्बम, अपडेट ६: चंदगडची जोडी जमली

मंडळी, दोन महिने इकडे काही टाकलं नव्हतं, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. चंदगडहून बेळगावला गेलेलं १९५६ नंतरचं पोस्टकार्ड अखेर हाती लागलं! १९५३ चं आधीपासून होतं, त्याचा जोडीदार मी तीन वर्षं शोधत होतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, मी बेळगावची जुनी कार्डं आणि पाकिटं जमवतो पण तिकिटासाठी नाही, पत्त्याच्या शेवटच्या ओळीसाठी. गणपत गल्ली तीच, रामदेव गल्ली तीच, आणि खालची ओळ बघा, आधी मुंबई इलाखा, मग मुंबई राज्य, मग १ नोव्हेंबर १९५६ पासून म्हैसूर, आणि १९७३ पासून कर्नाटक. २०१४ ला तर शहराचं सरकारी नावच बेळगावी झालं. माणसं घर सोडून कुठे गेली नाहीत, ओळ बदलत राहिली.

आता जोडीकडे येतो. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्यपुनर्रचनेत बाकी जिल्हा म्हैसूरला गेला आणि हा एक तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला, म्हणजे बाजारहाटाला जवळचं बेळगाव आणि कचेरीच्या कामाला लांबचं कोल्हापूर असं त्या लोकांचं झालं. १९५३ च्या कार्डावर पत्ता म्हणून फक्त नाव, गल्ली आणि "बेळगाव", बस, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आणखी काय लिहायचं! नवीन कार्ड त्याच माणसाचं आहे, अक्षर ओळखू येतं, "ळ" ची गाठ तो उलटी मारतो. यावर बेळगावच्या खाली आधी "मुंबई" लिहिलंय, मग त्यावर एकच आडवी रेघ, आणि वर जागा नसल्यामुळे बारीक अक्षरात "म्हैसूर राज्य". मजकूर दोन्ही कार्डांवर जवळपास सारखाच, भाताला काय भाव चाललाय आणि बुधवारी येतोय. मी ती खोडलेली ओळ भिंगाखाली किती वेळ बघत बसलो होतो सांगता येत नाही.

तारीख काढायला वेळ लागला. कार्डावर छापील किंमत "नये पैसे" मध्ये, म्हणजे एप्रिल १९५७ च्या आधीचं नाही हे नक्की. "नये" हा शब्द १९६४ ला गेला, पण जुना साठा नंतरही वापरला जायचा, त्यामुळे पुढची हद्द पक्की धरता येत नाही. शिक्क्यातलं साल पुसट होतं. खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च कार्डाच्या कडेला अगदी आडवा धरला तर शाई नसली तरी शिक्क्याचा दाब उमटलेला दिसतो, तसं करून ५८ वाचता आलं. ज्यांच्याकडे असे पुसट शिक्के पडून आहेत त्यांनी हे नक्की करून बघा, स्कॅनरवर हे येत नाही कारण त्याचा उजेड इतका आडवा पडत नाही.

बाकी पानांचं सांगायचं तर इंग्रजी काळाचं पान अजून विरळ आहे. १८१८ ला ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मनरोनं किल्ला घेतला, १८३६ ला धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला, पण पोस्टकार्डच मुळात १८७९ ला आलं, त्यामुळे आधीच्या साठ वर्षांसाठी पाकिटं आणि घडी घातलेली पत्रंच शोधावी लागणार आणि ती महाग जातात. पाव आण्याची राणीछाप तीन कार्डं आहेत, तिन्ही कॅम्पातली, म्हणजे लष्करी छावणीतली.

शहापूरचं पान मात्र मला फार आवडतं. आज खडेबाजारातून चालत शहापूरला जाताना शहर बदललं असं कुणालाच वाटणार नाही, पण तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं! माझ्याकडच्या कार्डावर स्पष्ट लिहिलंय, "शहापूर, संस्थान सांगली". १९४८ ला संस्थान विलीन झालं तेव्हा ही हद्द गेली आणि आठ वर्षांत दुसरी हद्द शहराच्या पश्चिमेला येऊन बसली. सीमाप्रश्न म्हटलं की आपण १९५६ पासून सुरुवात करतो, मला वाटतं बेळगावच्या लोकांना हद्दींची सवय त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे.

डिसेंबर १९२४ चं एक कार्ड आहे, काँग्रेस अधिवेशनाच्या आठवड्यातलं. गांधीजी अध्यक्ष झालेलं हे एकमेव अधिवेशन, गंगाधरराव देशपांड्यांनी सगळं उभं केलेलं, पाण्यासाठी विहीर खणली ती टिळकवाडीच्या बाजूला आजही आहे. कार्डात राजकारणाचा एक शब्द नाही, थंडी फार आहे, दुसरी घोंगडी पाठव एवढंच.

बेळगावला भरलेल्या १९४६ च्या साहित्य संमेलनाचं अजून काहीच मिळालं नाही. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला, त्यामुळे ते पान मी रिकामं ठेवलंय, दुसरं काही लावणार नाही. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, हे सगळं सध्या एका टंकलेल्या चिठ्ठीवर आहे, त्या काळातली पत्रं भरपूर मिळतात पण शिक्के खराब.

एक सावधगिरीचं. साध्या पीव्हीसीच्या कव्हरमध्ये ठेवलेली दोन कार्डं चिकटली आणि काढताना एकाचा शिक्का अर्धा निघून आला, त्याचं वाईट वाटतंच. आता सगळं पॉलिएस्टरच्या कव्हरमध्ये, कोपऱ्यांवर कागदी माउंट, गोंद अजिबात नाही.

चंदगडची दोन्ही कार्डं समोरासमोरच्या पानांवर लावली आहेत, पत्त्याची बाजू वर. पुढचा शोध नोव्हेंबर १९५६ चा, पहिल्या आठवड्यातला बेळगावचा कुठलाही शिक्का चालेल, कुणाकडे डबल असेल तर मला आधी सांगा.