धुराच्या वासाची आमसुलं

२६ मे २०२५, सोमवार

सकाळी सहाला जाग आली तर खोलीत इतका अंधार की अजून रात्रच आहे असं वाटून मी पुन्हा डोळे मिटले. मग आवाज ऐकू आला. गेले चार-पाच दिवस पाऊस येतोच आहे, पण आजचा आवाज निराळा होता. वळीव तावातावाने येतो, गडगडतो, पत्रे उडवतो आणि तासाभरात निघून जातो. आजचा पाऊस एका लयीत पडत होता, मुक्कामाला आल्यासारखा. दुपारी बातमी आलीच. मोसमी पाऊस मुंबईत दाखल. एरवीची तारीख ११ जून. गेल्या ७५ वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता म्हणे.

ऑफिसात दिवसभर एकच विषय. कुणाचा रेनकोट अजून माळ्यावर, कुणाची गाडी कुठे अडकली, कुणी कालच चामड्याची नवी चप्पल घेतलेली. मीही त्या बोलण्यात होतेच. घरी यायला डोंबिवली स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत पाऊण तास उभी होते.

रात्री मावशीला फोन केला. ती राजापूरजवळच्या गावात असते. आंबे कसे आहेत विचारलं, तर म्हणाली, "आंब्याचं जाऊ दे. माझी आमसुलं ओली आहेत गो सगळी."

मग मला एकदम तिचं खळं दिसलं. गेल्या वर्षी मे महिन्यात मी तिथे आठ दिवस होते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढून त्याला मीठ लावायचं, म्हणजे रस सुटतो. ते आगळ. मग सालं त्या आगळात बुडवायची आणि उन्हात पसरायची. सुकली की पुन्हा बुडवायची, पुन्हा पसरायची. असं चार-पाच वेळा. दर बुडवणीला साल काळसर आणि लवचिक होत जातं, बोटांना चिकटायला लागतं. माझी नखं पंधरा दिवस जांभळी होती. या सगळ्यात विकत न मिळणारी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सलग आठ दिवसांचं कडक ऊन. यंदा रातांबे पिकले आणि ऊनच गेलं.

"बुरशी धरेल आता," मावशी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. हिशोब चालला होता.

१ जून, रविवार

मावशीचं बोलणं डोक्यातून जात नाही.

किनाऱ्याकडे पावसाच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि आगोटीची तयारी म्हणजे अख्खा मे महिना. घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची. लाकडं फोडून पडवीत रचायची, शेणी आत घ्यायच्या. खळ्यातला मांडव उतरवायचा. कुळीथ दळून आणायचे. फणसाच्या आठळ्या राखेत घोळून ठेवायच्या. सुकट, सोडे, सुके बांगडे डब्यात भरायचे, कारण आजपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पापड, सांडगी मिरची, फणसपोळी, आमसुलं. ओढ्याला पाणी आलं की चार-चार दिवस बाजारात जाता येत नाही, तेव्हा घरात जे असेल त्यावर दिवस काढायचे.

मी लहानपणापासून मेमध्ये तिकडे जाते, पण हे सगळं मला सुट्टीतला खाऊ वाटायचं. पावसाशी त्याचं नातं आहे हे कळत असूनही कळलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी आम्ही मेमध्ये मडगावला गेलो होतो. तिथे रस्त्याकडेला बाजार भरलेला. लाल मिरच्यांचे ढीग, कांद्याच्या माळा, सुके मासे, चिंचेचे गोळे. विचारलं तर म्हणाले, पुरुमेंताचा बाजार. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आलेला शब्द. मी मिरच्यांचे भरपूर फोटो काढले आणि मासळीची थाळी खायला गेलो. तो बाजार म्हणजे मावशीचीच आगोट होती. इतक्या वर्षांनी, तिची आमसुलं भिजल्यावर, ते मला आज उमगलं. काही प्रवासांचा अर्थ लागायला वेळ लागतो.

आमच्या इमारतीतही मेमध्ये गच्चीवर कुरडया असायच्या. वॉटरप्रूफिंग झाल्यापासून गच्चीला कुलूप आहे.

संध्याकाळी छत्री दुरुस्त करायला गेले. स्टेशनजवळ फुटपाथवर एक चाचा बसतात. मे संपताना येतात आणि पाऊस ओसरला की दिसेनासे होतात. जुन्या छत्र्यांच्या काड्या सोडवून, सरळ करून, लांबीप्रमाणे जुड्या बांधून ठेवलेल्या. दोरा, पक्कड, बटणांची डबी. माझ्या छत्रीची मोडकी काडी त्यांनी अंगठ्याने चाचपली, जुडीतून नेमकी तेवढीच काडी ओढली, तारेने बांधली आणि कापड दोन टाक्यांत पक्कं केलं. तीस रुपये. म्हणाले, यंदा माल भरायला वेळच मिळाला नाही, गावाहून येईपर्यंत पाऊस माझ्या आधी पोचला. त्यांचीही आगोट चुकली होती. इतकी वर्षं मी त्या कोपऱ्यावरून जाते-येते, आणि ऋतूच्या वेळापत्रकावर पोट असलेली माणसं फक्त गावात असतात असं धरून चालले होते.

८ जून, रविवार

आज मृग. सासूबाई गावाहून आल्यात. त्यांचं गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. सह्याद्रीच्या पलीकडचा, पावसाच्या आडोशाचा प्रदेश. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. मावशीच्या गावात ३,०००च्या वर पडतो. नकाशावर दोन्ही गावं जवळ दिसतात, मध्ये फक्त डोंगर.

सासूबाई खुशीत होत्या. "अगं, मे महिन्यात माणगंगेला पाणी! माझ्या लग्नापासून नव्हतं बघितलं." पाणी आलं तेव्हा त्या आणि शेजारणी पुलावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना मावशीच्या आमसुलांचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग आता वरसभर काय घालतील आमटीत?" हा प्रश्न ऑफिसात कुणाला सुचला नसता. मलाही पहिल्या दिवशी सुचला नव्हता.

त्यांच्याकडे पाऊस आला की माणसं घराबाहेर येतात. मावशीकडे पाऊस आला की सगळी आत. माझ्या संसारात ही दोन्ही घरं आहेत, हे मला फार मोठं भाग्य वाटतं.

१२ जुलै, शनिवार

शेवटी आलेच. पहिल्यांदा भर पावसात.

काल पहाटे दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरली. ती सगळीकडे थांबते, आणि मला तेच हवं होतं. पावसाळी वेळापत्रक १५ जूनपासून लागू आहे, गाड्या सावकाश चालतात. २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली होती आणि गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली. त्यामुळे या संथपणाबद्दल कुणी कुरकुरलं की मला वाईट वाटतं. रोह्याच्या पुढे, डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, एक गस्तवाला दिसला. रेनकोट, गमबूट, खांद्याला पिशवी. गाडी जाईपर्यंत तो कड्याला पाठ लावून उभा होता, नजर मात्र वर दरडीकडे. पावसाळाभर ही माणसं रात्रीसुद्धा रूळ चालत तपासतात. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपून उजेड आला तेव्हा डबाभर ओल्या मातीचा वास होता.

मेमधलं कोकण मला पाठ आहे. तांबडी माती, वाळलेलं गवत, काळा कातळ. जुलैत गाव ओळखूच येईना. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हिरवा गालिचा, आणि जिथे मी दरवर्षी चप्पल हातात घेऊन कोरड्या व्हाळातून जायचे तिथे छातीभर पाणी. मावसभाऊ म्हणाला, आता वरून लांबच्या वाटेने जायचं. गावाची वाटच बदलली होती. म्हणजे चाळीस वर्षं मी ज्याला "माझं आजोळ" म्हणत आले ते या गावाचे फक्त पंधरा दिवस होते.

आज लावणीला गेले. यंदा धूळवाफेवर पेरताच आलं नाही, कारण जमीन कोरडी राहिलीच नाही. मग पुष्कळांनी रहू केला. भात भिजवायचं, मोड आणायचे आणि चिखलातच पेरायचं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उशिरा तयार झाला, कुठे दाट तर कुठे विरळ. मावशी सत्तरीची आहे. ती बांधावर बसून आवण, म्हणजे उपटलेली रोपं, सारखं करून देत होती. मुळांचा चिखल धुवायचा, मूठ बांधायची, पुढे टाकायची.

माझ्या हातात मूठ दिली. तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात खोचायच्या, एक पाऊल मागे. शेजारची बाई बोलता बोलता ओळच्या ओळ लावत होती. माझ्या काड्या तरंगून वर येत होत्या. तिने एकदाच माझं मनगट धरून दाखवलं. काडी ढकलायची नाही, बोट आधी जायचं आणि काडी त्याच्यामागून. तेवढ्यात जमलं. पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस. सर येताना पलीकडच्या डोंगरावरून दिसायची, सगळ्याजणी प्लॅस्टिक डोक्यावर ओढायच्या, सर निघून जायची, हात थांबायचे नाहीत. पावसात डोक्यावर घ्यायची इरली आता घरात टांगलेली दिसतात, शेतात नाहीत.

पाऊस दणदणत असताना मी आजवर कायम खिडकीच्या आत राहिले आहे. आज चार तास त्याच्या खाली वाकून होते. संध्याकाळी कंबर सरळ होत नव्हती, पण एवढी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

रात्री जेवायला कुळथाचं पिठलं, भात आणि टाकळ्याची भाजी. मावशीने चुलीवरच्या माळ्याकडे बोट दाखवलं. वर सुपं ठेवलेली. निम्मी आमसुलं बुरशीने गेली, ती तिने माडाच्या मुळाशी टाकली. उरलेली चुलीच्या धगीवर सुकवत होती, रोज थोडी थोडी. सूप खाली काढून तिने एक साल मला दिलं. दमट होतं, कडेला मीठ फुललेलं.

"होतील," ती म्हणाली. "उशिरा होतील, पण होतील."

२० ऑगस्ट, बुधवार

काल कुर्ल्याच्या पुढे लोकल बंद. मिठी नदीचं पाणी चढलं म्हणून काठच्या शेकडो लोकांना घरं सोडून जावं लागलं. मी घरूनच काम केलं. टीव्हीवर दिवसभर मिलिमीटरचे आकडे.

२६ जुलै २००५ची आठवण निघणं साहजिक होतं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. मी ती रात्र ऑफिसच्या टेबलावर काढली होती, आणि खालच्या चाळीतल्या बायकांनी आम्हा अनोळखी माणसांना चहा आणि खिचडी वर पाठवली होती. एवढ्या मोठ्या पातेल्यात खिचडी लावण्याइतका तांदूळ-डाळ त्यांच्या घरात भरलेला होता. तेव्हा मी फक्त त्यांच्या मनाचा मोठेपणा पाहिला. काल त्यांचा भरलेला डबाही आठवला.

भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की गटारांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात आणि पाणी शहरातच साचतं. मला हे शहर आवडतं, मनापासून आवडतं. म्हणूनच दर वर्षी आपण याला ‘अचानक’ म्हणतो याचा त्रास होतो. पावसाळा दर वर्षी येतो.

२८ सप्टेंबर, रविवार

हस्त लागला. एरवी या दिवसांत ऊन-पावसाचा खेळ असतो. यंदा तोही नाही. पेपरात मराठवाड्याचे, सीनाकाठच्या गावांचे फोटो आहेत. सोयाबीन पाण्यात, जनावरं वाहून गेलेली. सासूबाई सकाळपासून तेच पान समोर घेऊन बसल्या होत्या. "पाणी नाही म्हणून रडलो, आता यांचं काय," एवढंच म्हणाल्या. आमच्या महिला मंडळातून शिधा जातोय, त्यात तांदूळ, डाळ, मीठ बांधून दिलं.

मावसभाऊ गणपती करून परतला तेव्हा त्याने मावशीची पिशवी आणली होती. एरवी आमसुलांची मोठी बरणी असते. यंदा चिवड्याच्या पाकिटाएवढी पुडी. ती मी जपून ठेवली होती, आज उघडली. सालं नेहमीपेक्षा काळी, जरा कडक, आणि पुडी सोडताच धुराचा वास.

दोनच सालं आमटीत टाकली. जेवताना नवरा थबकला, म्हणाला, चुलीवरचं लागतंय. मी उठून मावशीला फोन लावला.

"वास येतो ना गो धुराचा?" तिने आधीच विचारलं.

"येतो."

"मग जपून घाल. मेपर्यंत पुरव."