जुनी बुलेट, प्लगचा गॅप आन् इलेक्ट्रॉनिक किटचा नाद

उन्हाळा लागला की आमच्या बीड-परभणीकडं जुन्या बुलेटवाल्यांचं एकच रडगाणं असतं, सकाळी एका किकमधी चालू होती, मांजरसुंबा ओलांडून नेकनूरच्या पुढं गेली की मिस मारायली आन् मग बंदच. आन् त्यावर हमखास सल्ला मिळतो की महागाचा इरिडियम प्लग टाक, गॅप (प्लगच्या दोन टोकांमधली फट) जरा वाढव, पिकअप येतो बघ. मला हे अर्धवट वाटतं. (मी पॉइंटवाल्या, म्हणजे उघड-बंद होऊन ठिणगी पाडणारा छोटा स्विच असलेल्या जुन्या कास्ट आयर्न ३५० बद्दल बोलायलोय, नंतरच्या टीसीआयवाल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांचं गणित वेगळं.)

गॅप मोठा केला की ठिणगी मोठी होते हे खरंय, पण ती गॅप ओलांडायला व्होल्टेजही जास्त लागतं, आन् ते द्यायचं कुणी, तर बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणाऱ्या त्याच जुन्या कॉइलनं. पॉइंटवाली कॉइल साधारण १५ ते २० हजार व्होल्ट देती, त्यात वायर जुनी, कॅप चिरलेली, अर्थ गंजलेला असला तर त्यातलं बरंच रस्त्यातच जातं. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली की निळा करंट दिसतो, मग आपण म्हणतो करंट तर हाय की! पण ते बाहेरच्या उघड्या हवेत. सिलेंडरमधी दाबलेल्या मिक्श्चरमधून उडी मारायला त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पॉइंट असतील तोवर मी ०.५ ते ०.६ मिमीच्या वर जात नाही. प्लग झिजत जातो तसा गॅप आपोआप वाढतोच, तेवढा अधनंमधनं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघायचा.

आमच्या मोंढ्यातले चाचा म्हणतात, "पैले पॉइंट देखो, फिर प्लग." शंभर टक्के. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजती, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं जातं आन् गाडी तापायली, ओढत नाही अशी तक्रार सुरू. उलट गॅप जास्त ठेवला तर टायमिंग पुढं सरकतं, किक उलटी मारती, शिवाय पॉइंट बंद राहायचा वेळ कमी होऊन जास्त आरपीएमला कॉइल पुरी भरत नाही. त्यामुळं आधी पॉइंटचा गॅप, मगच टायमिंग, हा क्रम बदलायचा नाही. टायमिंगला पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या टोकाच्या) ०.८ मिमी आधी आणायचा, इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्यूटर (ज्यात पॉइंट बसतात तो डबा) हळूहळू फिरवायचा आन् हेडलाइटवरच्या ॲम्पिअर मीटरचा काटा मायनसवरून मधी उडाला की तिथंच पक्कं करायचं. कसलं मशीन लागत नाही, मला तर हे करायला लई मजा येती.

आता ते गरम झाल्यावर बंद पडायचं. गाडी अर्धा तास सावलीला उभी केली की परत चालू होत असेल तर आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत पहिला संशय कॉइल नाहीतर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीवर) घ्या, प्लग बिचारा फुकट बदनाम होतो. पॉइंटवर सारखी मोठी ठिणगी दिसत असेल आन् पॉइंट लवकर जळत असतील तर कंडेन्सर गेला समजा, स्वस्तातली वस्तू हाय, बदलून टाका.

पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक किटला माझा विरोध नाही, झिजायला काही नसल्यामुळं टायमिंग हलत नाही हा मोठा फायदा, आन् सोबत दमदार कॉइल, नवी वायर, चांगली बॅटरी असली तर मग गॅप ०.७-०.८ करून बघायला हरकत नाही. फक्त कॉइलचे ओहम (रेझिस्टन्स) बघून घ्या. १२ व्होल्टला ३ ओहमची कॉइल ४ ॲम्पिअर ओढती, कुणी १.५ ओहमची गळ्यात मारली तर ८, आन् तेवढं किटला झेपत नसलं तर ते जळणार, पॉइंट असले तर पॉइंट. आन् जुनी पॉइंटची प्लेट भंगारात देऊ नका, डिकीत राहू द्या, कारण पॉइंट पॉलिश पेपरनं घासून गाडी घरापर्यंत येती, किट मात्र गेलं की गेलंच.

इरिडियम? टिकतो जास्त, बाकी असल्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात पॉवर वाढंल ही आशा सोडा. टाकलाच तर गॅप करताना मधल्या बारीक टोकाला पान्हा-स्क्रूड्रायव्हर लावू नका, तुटतं, फक्त बाजूची पट्टी हलवायची. आन् दुकानदार एका कंपनीच्या जागी दुसरीचा प्लग द्यायला लागला तर नुसता नंबर जुळवू नका, एनजीकेमधी नंबर मोठा म्हणजे प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) आन् बॉशमधी बरोबर उलटं, मोठा नंबर म्हणजे गरम.