भांडण आधी कानाला कळतं

लॅटिनमधले मतभेदाचे शब्द मला फार आवडतात, कारण त्यातले काही मुळात चक्क आवाजाचे शब्द आहेत. दिस्क्रेपारे घ्या. क्रेपारे म्हणजे करकरणं, खडखडणं, वाजणं, त्याला दिस लावलं की दोन गोष्टी वाजतायत पण एकमेकींशी जुळत नाहीयेत. हिशोबात किंवा साक्षीदारांच्या जबान्यांमध्ये निघते ना तफावत, तिच्यासाठी हाच शब्द. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने इसवी सनपूर्व 44 मध्ये मुलाला उद्देशून 'दे ऑफिकीस' हा कर्तव्यांवरचा ग्रंथ लिहिला, त्यात एकाच वाक्यात हे क्रियापद दोनदा येतं, आधी वाद्यांसाठी आणि मग जगण्यासाठी. तो म्हणतो, तंतुवाद्य किंवा बासरी जराशी जरी बेसूर झाली तरी जाणकाराला लगेच कळतं, तसंच आपल्या वागण्यात काही खटकत नाही ना ते बघावं, उलट जास्तच बघावं, कारण कृतींचा मेळ सुरांच्या मेळापेक्षा मोठा. किती सुंदर आहे हे!

आब्सुर्दुस या लॅटिन शब्दाचंही तसंच. आज आपण अ‍ॅब्सर्ड म्हणजे अतार्किक म्हणतो, पण सिसेरोच वक्त्याच्या आवाजातले दोष सांगताना हा शब्द बेसूर आवाजासाठी वापरतो. आपल्याकडे रागातला विवादी स्वर आहेच की, वाद तिथेही सुरातच शिरलाय.

दिस्कोर्दिया म्हणजे दुही, तो शब्द मात्र कानातून नाही, काळजातून आलाय. कोर म्हणजे हृदय, ती दुरावली की दिस्कोर्दिया, जुळली की कोंकोर्दिया. इसवी सनपूर्व 121 मध्ये गायस ग्राकस हा सुधारणावादी रोमन नेता आणि त्याच्या हजारो समर्थकांना मारल्यावर कॉन्सुल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी असलेल्या ओपिमियसने रोममध्ये कोंकोर्दियाचं म्हणजे एकोप्याच्या देवीचं देऊळ उभारलं, लोकांना ते फार झोंबलं, आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की रात्रीतून कुणीतरी त्यावर लिहून गेलं, वेड्या दुहीचं कृत्य एकोप्याचं देऊळ बांधतंय. माझ्या मते दिस्कोर्दियाचा अर्थ इतका नेमका कुठल्याच शब्दकोशात सापडणार नाही.

रोमन कवी होरेसने पुढे हे दोन्ही शब्द शेजारी बसवून कोंकोर्दिया दिस्कोर्स केलं, बेबनावातला मेळ, तेही भांडणाऱ्या माणसांबद्दल नाही तर सृष्टीबद्दल, ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीझच्या त्या विचाराबद्दल की प्रेम आणि कलह दोघं मिळूनच जग घडवतात.