गांधीलमाशीच्या अंगावरचा लेप

६ मे, परभणी

देवडीच्या तुळईला गांधीलमाश्यांनी पोळे केले आहे. आज भर दुपारी, अंगणात पाय ठेववत नसताना, एक माशी बाहेरून येऊन त्यावर उतरली. तिथल्या दुसरीने तिच्या डोक्यावरून आणि पाठीवरून मिशा फिरवल्या आणि लगेच तिला वाट दिली. त्या स्पर्शात अंगावरचे रसायन वाचले गेले होते. गांधीलमाशीच्या कवचावर हायड्रोकार्बनांचा, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचा, अतिशय पातळ, मेणचट लेप असतो. ज्वारीच्या धाटावरचा पांढरा थर जे करतो तेच, म्हणजे अंगातले पाणी राखणे, हे त्याचे मूळ काम. ओळख पटवण्याचे काम त्याच्यावर उत्क्रांतीच्या ओघात पुढे येऊन पडले.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो राणीचा संकेत, म्हणजे ती राणी आहे हे सांगणारी तिच्या अंगावरची संयुगे. मुंग्या, गांधीलमाश्या आणि बंबलबी (मधमाशीच्या नात्यातली जाडजूड, केसाळ माशी) या तिन्ही वंशांत समूहजीवन स्वतंत्रपणे उपजले, तरीही त्यांच्या राण्यांच्या अंगावरील संकेत एकाच धाटणीचे आहेत, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. तेव्हा एकट्या राहणाऱ्या पूर्वज माद्यांच्या अंगावर, अंडी धरल्याची खूण म्हणून, ही संयुगे आधीपासूनच असावीत. राणी कामकऱ्यांचे अंडी घालणे दडपते असे म्हणण्यापेक्षा ती आपली जननक्षमता जाहीर करते, हे मला अधिक पटते.

आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीच्या जातीची राणी तर कमालीची शांत असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की राणी काढून घेतली की एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते आणि राणी परत ठेवली की तीच निवळते. ही राणी पोटाचे टोक पोळ्यावर घासत फिरते आणि ग्रंथीतील स्राव तिथे लावते. जाळीने पोळ्याचे दोन भाग केले, तर राणी नसलेल्या भागात राणीपदाची नवी दावेदार उभी राहते. यावरून तिचा निरोप हवेतून पोहोचत नाही हे कळले.

लांब, सरळ साखळीचे रेणू दाटीने बसतात आणि पाणी चांगले अडवतात. शाखायुक्त किंवा दुहेरी बंधाचे रेणू सैल बसतात, पण ओळखीसाठी लागणारे वैविध्य त्यांच्यात अधिक असते. दोन्ही कामे एकाच लेपाला करायची असल्यामुळे ती एकमेकांना छेद देतात. पारा ४२ अंशांवर जाणाऱ्या मराठवाड्यातील आणि दमट कोकणातील एकाच जातीच्या माश्यांचे लेप शेजारी ठेवून तपासले, तर ही ओढाताण कुठे कशी सुटली आहे ते पाहता येईल. आणि ते काम आमच्या इकडच्या विद्यापीठांतच व्हावे, असे मला मनापासून वाटते.