भुईआवळी म्हणजे नेमकी कुठली? माझा अनुभव

पावसाळ्यात जांभ्या दगडांच्या फटींतून आणि तुळशीच्या कुंडीत उगवणारं, चिंचेच्या पाल्यासारखं दिसणारं इवलं तण कोणालाही दाखवा, उत्तर येतं, ‘भुईआवळी!’ मला तीन ठिकाणी हेच ऐकायला मिळालं. त्यातलं एक सल्ला देणारं कार्यालय. तिथे तर रोप हातातही घेतलं नाही. हे उत्तर अर्धंच आहे. या एका नावाखाली निदान दोन वेगळी तणं खपतात, आणि काविळीवर रस काढून पिणारी माणसं आपल्या गोव्यात घरोघरी आहेत.

सुरुवात सोपी. देठ मोडून पांढरा चीक आला तर ती नायटी, म्हणजे वेगळंच तण, विषय संपला. नाही आला तर फांदी उलटी करा. पानांच्या खाली ओळीने बारीक गोल फळं दिसली की भुईआवळीचं कूळ पक्कं. मोबाइलमधलं अ‍ॅप इथेच चुकतं, कारण आपण फोटो वरून काढतो आणि वरून नुसती पानं दिसतात.

खरं अडतं ते पुढे. या नावाखाली खपणाऱ्या दोन तणांपैकी ही कुठली: फायलँथस अमारस की फायलँथस युरिनेरिया? उंचीवरून किंवा खोडाच्या तांबूसपणावरून ठरवू नका. खात्रीसाठी फळं धरेपर्यंत थांबावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच चवथीसाठी अंगण साफ होतं. म्हणून दोन रोपांना लाल दोरा बांधा आणि विळा चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

फळ जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचं. अमारसचं गुळगुळीत, छोट्या देठावर लोंबणारं. युरिनेरियाचं खरखरीत, जवळजवळ बिनदेठाचं, फांदीला चिकटलेलं. शिवाय युरिनेरियाची फळं फांदीच्या बुडाकडे असतात, शेंड्याकडे फक्त नरफुलं. अमारसमध्ये नर आणि मादी फुलं एकाच पानाच्या बगलेत सापडतात.

तरी शंका उरली तर बी बघा. एका फळात सहा बिया, प्रत्येक साधारण एक मिलिमीटरची. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली अमारसच्या बीच्या पाठीवर उभ्या रेघा दिसतात, युरिनेरियाच्या बीवर आडव्या. इतकी स्वच्छ खूण असताना लोक पानांवर वाद घालतात, याची चीड येते. पिकलेलं फळ तडकतं आणि बिया उडून जातात, म्हणून पिकायच्या आधीच फांदी झाकणाच्या डबीत ठेवा.

जुन्या पुस्तकांत ‘फायलँथस निरुरी’ हे नाव दिसलं तर गोंधळू नका. ती अमेरिकेतली जात. आपल्याकडे ते नाव बहुतेक वेळा अमारसलाच चिकटवलेलं असतं.

नमुना वर्तमानपत्रात दाबलात तर कागद रोज बदला, नाहीतर आपल्या दमट हवेत बुरशी धरते. फोटो मात्र दिवसा उजेडीच काढा, संध्याकाळी पानं मिटतात. आणि एक राहिलंच: युरिनेरियाच्या पानाच्या कडेला भिंगातून आखूड, राठ केस दिसतात. फळं धरलेली नसतील तेव्हा तेवढाच आधार.