आयोवातली कणसं आणि आपली शेंगाचटणी

जुलैचा मध्य उलटला की इथे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात रस्त्याच्या कडेला पिकअप गाड्या उभ्या राहायला लागतात. मागे हिरव्यागार कणसांचा ढीग, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला डझनाचा भाव. कित्येक ठिकाणी विकायला माणूसही नसतो, पैसे टाकायला नुसता डबा ठेवलेला असतो. फोनवर हे ऐकून सोलापूरच्या आत्याने विचारलं, "अगं, मग तिथं भाजता कशावर? कोळसा मिळतो का?" मी म्हटलं, आत्या, इथे बरेच जण भाजतच नाहीत. तिला ते पटलं नाही. म्हणून आता सगळं नीट लिहितेय.

आधी कणसाची जात समजून घ्यायला हवी. मक्याच्या उत्पादनात आयोवा बहुतेक वर्षी अमेरिकेत पहिला असतो. पण गाडीतून जाताना मैलोन् मैल दिसतो तो मका कणीस म्हणून कुणी खात नाही. तो शेतातच वाळवतात आणि मग तो जनावरांच्या खाद्याला नाहीतर इथेनॉलला जातो. खायचा तो स्वीट कॉर्न. त्याचं क्षेत्र त्या मानाने अगदी थोडं. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाजवळ पावसाळ्यात आपण भाजून घेतो ते देशी कणीस धान्याच्या मक्याचं, कोवळेपणी तोडलेलं. त्यात पीठ जास्त, साखर कमी. त्याला निखारा लागतो आणि वेळही लागतो. चांगल्या स्वीट कॉर्नला दोन्ही नको असतं.

जुन्या जातींच्या स्वीट कॉर्नमध्ये तोडल्या क्षणापासून साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि उन्हाळ्यात तर फार झपाट्याने. म्हणून इथली जुनी माणसं सांगतात, आधी पाणी उकळायला ठेवा, मग शेतात कणीस तोडायला जा. इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५३ साली एका वेगळ्या जनुकाबद्दल लिहिलं. त्या मक्याचं बी वाळलं की सुरकुततं, पण कोवळ्या दाण्यात साखर कितीतरी जास्त असते आणि गारव्यात ती काही दिवस टिकते. दुकानातली कणसं आज गोड लागतात ती मुख्यतः याच घराण्यामुळे. हुरड्याचं गणित ज्याला कळतं त्याला हे वेगळं सांगायला नको. ज्वारीचं कणीस चार दिवस उशिरा खुडलं तर आगटी कितीही चांगली पेटवा, हुरडा तो हुरडा राहत नाही.

आता उकडणं. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायचं, सोललेली कणसं टाकायची, आणि पुन्हा उकळी आल्यावर तीन ते पाच मिनिटांत बाहेर काढायची. बस्स. आपल्याकडे स्वीट कॉर्नही कुकरला लावून तीन-तीन शिट्ट्या घेतात, ते बघून मला फार हळहळ वाटते. शिट्ट्या देशी कणसाला द्या, मीठ-हळद घालून. त्याला त्या मानवतात.

एकट्यापुरतं करायचं असेल तर मायक्रोवेव्ह, आणि तोही न सोलता. एक कणीस पानांसकट पूर्ण पॉवरवर तीन-चार मिनिटं ठेवायचं. मग दांड्याकडचा भाग, दाण्यांची पहिली रांग कापली जाईल इतका, सुरीने उडवायचा. फडक्यात धरून केसांच्या टोकाकडून दाबायचं, की कणीस खालून सुळकन बाहेर येतं आणि केस पानांतच राहतात. प्रत्येक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो, त्यामुळे एका कणसाला शेकड्याने केस असतात, आणि हाताने काढत बसणं किती जिकिरीचं ते तुम्हाला माहीत आहेच. मायक्रोवेव्ह नसेल तर वाफवा, पानांसकट चाललं.

भाजणं इथे नाही असं नाही. दे मॉइन शहरात ऑगस्टमध्ये आयोवा स्टेट फेअर, म्हणजे राज्याची जत्रा भरते. तिथे भाजलेल्या कणसाची पानं मागे ओढून तीच मूठ करतात आणि सगळं कणीस वितळलेल्या लोण्यात बुडवून हातात देतात. घरी ग्रिलवर दोन तऱ्हा. पानांसकट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून तेवढाच वेळ भाजलं, तर दाणा आत वाफेवर शिजतो आणि धुराचा नुसता वास लागतो. सोलून थेट जाळीवर फिरवत राहिलं, तर आठ-दहा मिनिटांत डाग पडतात. मला दुसरी तऱ्हा आवडते, कारण साखर करपल्याशिवाय ती चव येत नाही. फॉइलमध्ये गुंडाळलेलं मला भाजल्यासारखं वाटत नाही.

मोठा गोतावळा असेल तेव्हाची युक्ती मात्र सोलापुरात जरूर करून बघा. इथे बर्फ ठेवायच्या मोठ्या पेटीत, ती रिकामी करून, सोललेली कणसं भरतात, वरून ती बुडेपर्यंत उकळतं पाणी ओततात आणि झाकण लावून अर्धा तास विसरून जातात. आपल्याकडे जाड बुडाचं पातेलं घ्या, घट्ट झाकण ठेवा आणि वरून सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळा. गॅस बंद, आणि घरातल्या बायकांना ओट्यापाशी उभं राहायला नको.

वरून लावायला इथले मेक्सिकन लोक मेयोनिज, खारट कोतिहा चीज, लाल तिखट आणि लिंबू वापरतात. फार सुंदर लागतं. पण माझ्या घरी चक्का फेटून पातळ थर लावतात, त्यावर शेंगाचटणी आणि लिंबू. शेंगाचटणीतला लसूण गोड दाण्याशी असा जमतो की शेजारच्या आजी आता कणसं घेऊन येतात आणि चटणीची बाटली मागतात. आत्या, पुढच्या पार्सलमध्ये जास्त घाल.

बाजारात घेताना पानं हिरवी आणि ओलसर, केसांची टोकं तपकिरी बघा. पानांवरूनच बोटांनी दाणे टोकापर्यंत भरलेत का ते चाचपता येतं. नख लावल्यावर दूध यायला हवं. नुसतं पाणी आलं तर अजून कोवळं, आणि पिठूळ लागलं तर ते भाजायलाच घ्या. दाणे सुरीने कापून काढले असतील तर उरलेली बुंधं टाकू नका. पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, आणि ते गोडसर पाणी कढीला वापरा.