वेणीफणी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात एक पाट मांडला जातो, त्याच्यामागे एक ठेंगणे स्टूल येते, आणि पुढची पंचवीस मिनिटे गॅसवर काहीही उतू गेले तरी त्याची जबाबदारी माझी नसते, असा आमच्या घरातला अलिखित करार आहे. स्टुलावर मी बसते आणि पाटावर आळीपाळीने माझ्या दोन मुली. थोरली आठ वर्षांची आहे, धाकटी पाच वर्षांची. त्यांच्या शाळेचा नियम असा, की खांद्यापर्यंत पोहोचलेल्या केसांच्या दोन वेण्या घालायच्या, त्या वर दुमडायच्या आणि रिबिनीने बांधायच्या. दोन डोकी, चार वेण्या, चार रिबिनी आणि एक फणी, एवढा रोजचा हिशेब आहे. शिवाय माझा अंबाडा, ज्याचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो आणि जो पुष्कळदा हाताला सापडेल ती पेन्सिल खोचून उरकावा लागतो.

माझे माहेर साताऱ्याचे. लग्न होऊन मी बेळगावात टिळकवाडीला आले तेव्हा माझे सगळे कन्नड 'एनु' म्हणजे काय आणि 'बेड' म्हणजे नको, या दोन शब्दांवर उभे होते, आणि गेल्या दहा वर्षांत त्याने फारशी उंची गाठलेली नाही. शेजारी एक कन्नड आजीबाई राहतात. मुली घरातल्या आजीला 'आज्जी' म्हणतात आणि शेजारच्या आजीला 'अज्जी'. एका कान्याच्या फरकावर दोन आज्या सुखाने नांदत आहेत. सकाळच्या या कार्यक्रमाच्या वेळी अज्जी कधी विरजणासाठी, कधी नुसत्याच डोकावतात, पाटाकडे पाहून हसतात आणि मला ऐकवतात, की त्यांच्या भाषेत म्हणतात, दोन 'जडे', म्हणजे दोन वेण्या, एका ठिकाणी कधी जुळत नाहीत. म्हणीचा रोख अर्थातच एका घरातल्या दोन बायकांवर आहे. सासूबाईंचा अंबाडा जमेस धरून आमच्याकडे किती जडे आहेत, याची मोजदाद करण्याची वेळ अज्जींनी नेमकी सासूबाई समोर असतानाच निवडावी, याला मात्र मी शेजारधर्म म्हणत नाही.

वेणीचे काम दिसते तितके सरळ नाही. भांगापासूनच त्याची परीक्षा सुरू होते. थोरली मान ताठ ठेवून बसते, त्यामुळे तिचा भांग गावाबाहेरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गासारखा सरळसोट पडतो. धाकटी मात्र मुंगी दिसली की खाली, पाल दिसली की वर आणि बाहेर रिक्षा वाजली की बाजूला वळते, आणि तिच्या डोक्यावर रोज सकाळी चोर्ला घाट तयार होतो, अगदी वळणावळणांसह. एकदा भांग पडला, खोबरेल चापले, गुंता सुटला की पुढचे तीन पेडांचे काम बोटे आपोआप करतात; उजवा पेड मधल्यावर, डावा मधल्यावर, आणि पुन्हा उजवा. डोळ्यांना त्यात काही काम उरत नाही आणि कानांना पुष्कळ उरते.

कारण माझ्या मुली समोरासमोर काही सांगत नाहीत. 'शाळेत काय झालं?' या प्रश्नाला दोघींचे एकच उत्तर असते, 'काही नाही.' पण पाठ माझ्याकडे आणि तोंड फ्रिजकडे असले, की त्यांच्या जिभेवरचे कुलूप निघते. धाकटीने वर्गात माझे वय 'शंभरला थोडं कमी' असे सांगितले आहे, हे मला वेणीच्या दुसऱ्या पेडावर कळले. माणूस मेल्यावर त्याच्या अर्ध्या राहिलेल्या कन्नडच्या वहीचे काय करतात, हा थोरलीचा प्रश्नही असाच फ्रिजला उद्देशून आला होता, आणि त्या दिवशी वही तपासली जाणार आहे, हे समजायला मला रिबिनीच्या गाठीपर्यंत वेळ लागला.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी ती अशीच फ्रिजला म्हणाली, "नव्या वर्गात मी एकटोच बसतो." इथल्या मुली 'मी आलो', 'मी बसतो' असेच बोलतात. माझ्या साताऱ्याच्या आईला फोनवर ते ऐकून पहिल्यांदा धक्का बसला होता, आणि नातीच्या जागी कोणी नातू बोलतो आहे की काय, म्हणून तिने दोनदा नाव विचारले होते. एरवी मीही ते वाक्य लगेच सुधारले असते. त्या दिवशी 'एकटो' या शब्दाला हात लावावासा वाटला नाही. कोणी बोलत नाही का, डबा कोणाबरोबर खातेस, असे काही विचारायला गेले तर ती पुन्हा 'काही नाही' म्हणणार, हे ठाऊक असल्याने मी गप्प राहून वेणी घालत राहिले, तेवढ्यात ती कळवळून म्हणाली, "आई, दुखूलालंय!" तेव्हा पाहिले, तर वेणी सुंभाच्या दोरासारखी कडक झाली होती. ती सोडून पुन्हा घातली. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी मी वाट पाहिली, पण फ्रिजकडे त्या विषयाची आणखी काही खबर आली नाही.

रिबिनींचे एक वेगळेच प्रकरण आहे. सोमवार ते शुक्रवार निळ्या रिबिनी आणि शनिवारी, सकाळच्या शाळेला, पांढऱ्या गणवेशावर पांढऱ्या रिबिनी. गणपत गल्लीतून मी दर महिन्याला मीटरने पांढरी रिबीन आणते आणि दर शनिवारी ती कुठेतरी अंतर्धान पावते. अशाच एका शनिवारी, रिक्षा दारात वाजत असताना, मी नव्या परकराचा कोरा पांढरा नाडा ओढून काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि थोरलीच्या वेण्यांना त्यांची अशी टपोरी फुले बांधली, की मला माझेच कौतुक वाटले. दुपारी ती रागाने लाल होऊन परतली, कारण मधल्या सुट्टीत एका मुलीने सगळ्यांदेखत ते फूल ओळखले होते. "ती म्हणाली, तिच्या आईनंसुद्धा एकदा असंच केलंवतं," असे सांगताना तिचा राग मध्येच सैल झाला आणि ती खुदकन हसली. कोण ती मुलगी, असे मी विचारले, तर अर्थात उत्तर आले, 'कोणी नाही.'

जूनच्या अखेरीला शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका कन्नड बोलणाऱ्या होत्या आणि फोनवर मुलांचा कलकलाट होता. "निम्म मगळ तल्याग हेन अदाव्री," असे त्या म्हणाल्या. मला त्या गलबल्यात 'हेन' मधला 'ह' ऐकू आला नाही आणि राहिला तो माझ्या परिचयाचा 'एन'. तुमच्या मुलीच्या डोक्यात आहे तरी काय, असा त्यांचा प्रश्न आहे, असे समजून मी दुखावले गेले आणि तुटक्यामुटक्या कन्नडमध्ये उत्तर दिले, की ती फार शहाणी आहे, गणितात चांगली आहे, फक्त अक्षराचा कंटाळा करते. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्या सुशील बाईंनी अत्यंत सावकाश मराठीत एकच शब्द उच्चारला, "उवा."

'हेनु' म्हणजे ऊ, हा माझ्या कन्नडमधला तिसरा शब्द. तो मी जन्मात विसरणार नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घराने दुसरे काही केले नाही. सासूबाईंनी सीताफळाच्या बियांची पूड सुचवली. ती डोळ्यांत गेली तर मोठी इजा करते, म्हणून मी तिला नकार दिला आणि डॉक्टरांनी दिलेले औषध आणले. औषधाने उवा मरतात, पण केसाच्या मुळाशी घट्ट चिकटलेल्या लिखा सगळ्या मरतीलच असे नाही, आणि त्या सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून तेवढ्या अंतराने औषध पुन्हा लावायचे आणि मधल्या काळात फणी चालू ठेवायची, असे त्यांनी समजावले. तेव्हा रोज संध्याकाळी परसात पांढरे धोतर अंथरून, ओल्या केसांतून दुहेरी दातांची फणी फिरवत, आधी थोरली, मग तिच्याकडून प्रसाद मिळालेली धाकटी, आणि शेवटी सासूबाईंच्या हाताखाली मी, अशी आमची पंगत बसू लागली. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती चालत जाते, आणि त्यासाठी एक डोके दुसऱ्या डोक्याला बराच वेळ लागलेले असावे लागते.

फणीचे दात पुसता पुसता दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी या वाक्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला आणि हात थांबला. एकट्या बसणाऱ्या मुलीच्या डोक्याला दुसरे डोके लागले कधी? "तुझ्या शेजारी कोण बसतं गं?" मी तिच्या मानेला विचारले. "ती नाड्यावाली," मान म्हणाली, "आम्ही एकच पुस्तक वाचतो." त्या संध्याकाळी धोतरावर अकरा उवा पडल्या आणि त्या प्रत्येकीबद्दल मला जे वाटले, ते सासूबाईंना सांगण्याची माझी छाती झाली नाही.

जुलैत पाऊस असा लागला, की जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना दोन दिवस सुट्टी दिली. ओले केस वाळत नव्हते, फणी चालूच होती, आणि या सगळ्याला कंटाळून मुलींच्या वडिलांनी जेवताना सहज म्हटले, की कापूनच टाका, म्हणजे कटकट मिटेल. मोठ्यांच्या असल्या वाक्यांना मुले आदेश समजतात, हे त्यांना एव्हाना कळायला हवे होते. दुपारी मी सांडगी मिरच्या तळत असताना थोरली स्वयंपाकघरात आली आणि तिने माझ्या हातात निळ्या रिबिनीसकट एक वेणी ठेवली. "आई, धाकटीच्या उवांचं काम मी संपवलो," ती समाधानाने म्हणाली. वेणी हातात घेऊन उभी असतानाही त्या वाक्यातले व्याकरण माझ्या कानाला टोचले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. आत धाकटी आरशासमोर स्टुलावर बसली होती. डाव्या कानावर केसांची झिरमिळी आणि उजवीकडे अख्खी वेणी. ती रडत नव्हती. दुसरी बाजू कधी होणार, एवढेच तिला विचारायचे होते.

गल्लीतल्या सलूनवाल्याने दोन्ही बाजू सारख्या केल्या तेव्हा केस कानाच्या पाळीपर्यंत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला, थोरलीचे आटोपले, आणि मी उठणार तोच धाकटी येऊन नेहमीप्रमाणे पाठ करून बसली. "तुझ्या वेण्या नाहीत आता," मी म्हटले. "मग नुसतं विंचर," ती म्हणाली, आणि फ्रिजकडे तोंड करून तिने मला मांजराच्या पिल्लाची सविस्तर हकिगत सांगायला घेतली. दोन मिनिटांचे काम तिच्यासाठी दहा मिनिटे चालू ठेवायचे, हाच नियम मग पुढे महिनोन्महिने राहिला.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. जुलैपासून एप्रिलपर्यंतच्या हिशेबाने धाकटीच्या पदरात जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर पडले होते, आणि नेमके त्याच एप्रिलमध्ये अज्जींनी मुलींना 'मोग्गिन जडे' घालायचे ठरवले. मोग्गु म्हणजे कळी. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्यांनी लहान मुलींची सबंध वेणी मढवायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा, ही कर्नाटकातली जुनी हौस. दुपारभर अज्जी केळीच्या सोपटाच्या पट्टीवर सुईदोऱ्याने कळ्यांच्या रांगा बसवत होत्या, मध्ये मध्ये अबोली घालत होत्या आणि खाली गोंडा लावत होत्या. कळ्या संध्याकाळी उमलतात, म्हणून पाचच्या आत स्टुडिओत पोहोचायचे, अशी त्यांची सक्त ताकीद होती. थोरलीच्या पाठीवर ती पट्टी सुरेख बसली. धाकटीच्या चार बोटांच्या शेपटीला अज्जींनी ती काळ्या दोऱ्याने करकचून बांधली आणि मान हलवायची नाही, असे बजावले. ज्या मुलीने जन्मात मान स्थिर ठेवली नाही, तिला!

रिक्षा रेल्वे गेटच्या रुळांवरून गेली तेव्हाच ती वेणी एका बाजूला कलली होती. स्टुडिओच्या पायऱ्यांवर ती खाली आली. आतापर्यंत न रडलेली मुलगी आता रडणार, म्हणून मी रुमाल काढला. तिने वेणी उचलली, फुंकर घालून झटकली आणि हातात धरली. फोटोग्राफरने रीतीप्रमाणे मागे आरसा लावला होता, समोरून चेहरा आणि आरशात वेणी दिसावी म्हणून. थोरलीचा फोटो तसा छान आला. मग त्याने धाकटीला समजावले, "बाळ, वेणी मागं लावूया, आरशात दिसाय पाहिजे."

"मागं असली की मला कुठं दिसतीय?" ती म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

तो फोटो आता फ्रिजच्या वरच भिंतीवर आहे. त्यात तिने दोन्ही हातांत मोगऱ्याची वेणी आडवी धरली आहे, काही कळ्या उमलायला लागल्या आहेत, आणि मागच्या आरशात फ्रॉकची कॉलर, चार बोटांची शेपटी आणि तिला लोंबकळणारा काळा दोरा स्पष्ट दिसतो.